कळ मिळणेबाबत

"बोला, अर्जदार!" डोळे मिटून, दहाही बोटं कीबोर्डवर ठेवून चाचा म्हणायचे आणि समोरचा माणूस आपोआप सरळ बसायचा. तुम्ही कधी मोताळ्याला तहसीलसमोर उभे राहिला असाल, तर पाहिलं असेल. माझ्याच झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर त्यांचं अर्ज लिहायचं टेबल होतं. टाइपरायटरवर तयार झालेली बोटं ती, खाली बघायची गरज नव्हती. बघून उपयोगही नव्हता. काचबिंदूनं अक्षरं केव्हाच नेली होती, उजेड-अंधार तेवढा कळायचा.

एआय आलं, त्यानं लिहिलेला पहिला अर्ज मी वाचून दाखवला आणि म्हातारा चेकाळलाच! "दोन वळी सांगा, पुरा अर्ज हजर! काय झकास लिहून राह्यलं बे!"

अडचण एकच. नवा माणूस आला की नवं संभाषण उघडायचं, तेही माउसनं. बाण दिसणार कुठून? मला हाक मारायला त्यांना कमीपणा वाटे, म्हणून जुन्यातच पुढचा अर्ज चाले. एकदा एका विधवा बाईच्या निराधार योजनेच्या अर्जात आधीच्या अर्जदाराची दहा एकर बागायत शिरली. मीही न वाचताच प्रिंट काढली. अर्ज नामंजूर झाला.

"माह्या हातानं तिचं नुकसान झालं," चाचा म्हणाले. "आता टेबल उचलतो मी."

पण उचलण्याआधी त्यांनी जे येत होतं तेच केलं. कंपनीला अर्ज लिहिला! 'विषय : नवीन संभाषण सुरू करणेसाठी कीबोर्डवर कळ मिळणेबाबत. अर्जदारास माउसचा बाण दिसत नाही. सबब विनंती...' वर मला विचारतात, "तिकीट कुठी लावू बे?" कोर्ट फीचं तिकीट! मी हसून बेजार. सूचनांच्या रकान्यातून तो पाठवला. मग रोज सकाळी एकच, "मंजूर झाला काय?"

आणि एक दिवस एआयच्या नव्या बदलांच्या यादीत ती कळ दिसली! हातातले कागद टाकून मी धावलो. त्यांची बोटं धरून एकदम दाबायच्या तीन कळांवर ठेवली. त्यांनी दाबल्या. पडदा लख्ख पांढरा झाला, आणि पांढरं त्यांना दिसायचं!

"उघडलं बे! उघडलं!"

दहा वेळा दाबलं. ओट्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला. आमचा अर्ज कुणी वाचला की नाही, देव जाणे. चाचांच्या लेखी ती मंजुरीच होती. पहिला अर्ज त्यांनी त्या बाईंचाच केला, मला तीनदा वाचायला लावला.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. पंधरा दिवसांनी ती बाई बोरांची पिशवी घेऊन आली.

"मंजूर झालं, भाऊ. चाचा कुठी हायेत?"

तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि सगळी बोरं कीबोर्डशेजारी हळूच ओतली.