शिशाचा पट्टा आणि करदोडा

कमरेला शिसं बांधून पाण्यात उतरणं हे आमचं काम. बुडालेला माणूस सापडेना की पोलीस आमच्या सहा जणांच्या टोळीला बोलावतात. पाठीवर हवेचं सिलिंडर असलं तरी अंग वरच तरंगू पाहतं, त्याला खाली न्यायला शिसं लागतं. ते कसं बांधायचं यावर मी इतकं डोकं खातो की टोळीतले मला मास्तर म्हणतात. म्हणोत बापडे. वजन मणक्यावर नको, दोन्ही कुल्ह्यांवर सारखं हवं, नाहीतर संध्याकाळी माणूस वाकून चालतो. गरजेपेक्षा एक तुकडाही जास्त नको. पट्टा सगळ्यात शेवटी आणि सगळ्याच्या वरून घालायचा, बक्कल पुढे, उजव्या हाताच्या एका झटक्यात सुटेल असं. खाली जीव अडकला तर आधी शिसं टाकायचं, बाकी सगळं नंतर.

माझे जोडीदार भाऊ वैनगंगेच्या काठचे, जन्मभर मासे धरलेले. त्यांची जुनी रीत सोपी होती. दोन्ही हातांत मोठा गोटा धरून बुडी मारायची आणि तळ लागला की गोटा सोडून द्यायचा. माझ्या शिशाची ते मनसोक्त थट्टा करायचे. पण अंगाने काडी, कुल्हे नावालाच, त्यामुळे पट्टा घसरून मांड्यांवर यायचा. खांद्यावरून पट्टे जाणारं वजनाचं जाकीट हा त्यावर इलाज. ते मी पोलिसांच्या साहेबांकडे एकदा मागितलं आणि पुन्हा विचारायचा कंटाळा केला. त्या कंटाळ्याचा मला आजही राग येतो.

त्या दिवशी बल्लारपूरकडच्या एका बंद पडलेल्या, पाण्याने भरलेल्या कोळसा खाणीवर गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. पाणी काळं आणि इतकं निपचित की बघवेना. काठावर बुडालेल्याच्या घरची माणसं बसली होती, कोणीच रडत नव्हतं. मला पहिल्यापासून काहीतरी खटकत होतं, पण भीती वाटते असं त्या माणसांसमोर कसं म्हणणार?

भाऊ नेहमीसारखे अर्ध्या चड्डीवर. सरकारी रबरी सूट त्यांच्या अंगावर पोत्यासारखा लोंबायचा, म्हणून ते तो घालतच नसत. उतरण्याआधी जोडीदाराचा पट्टा तपासायचा हा नियम. मी बक्कल ओढलं, सुटलं, पुन्हा लावलं. भाऊ हसून म्हणाले, झालं का तुझं, लग्नाले चाललो का आपन? मीही हसलो. मागे हात फिरवला असता तर पुढचं काही झालंच नसतं.

पट्टा घसरू नये म्हणून भाऊंनी मागच्या बाजूने तो करदोड्याला बांधला होता. कमरेचा तो गोफ त्यांनी जाळ्याच्या नायलॉनचा स्वतः वळलेला, बोटाएवढा जाड. गाठही जाळ्याची मारलेली, पाण्यात आणखी आवळणारी. शिवाय लवकर तळाला जायला शिशाचे दोन तुकडे जास्त घेतले होते. गोट्याची सवय, दुसरं काय!

तीस-पस्तीस फुटांवर तळ आला आणि भाऊ कोळशाच्या गाळात गुडघ्यापर्यंत रुतले. आमच्या दोघांमध्ये दोरी होती, तिला हिसके बसू लागले. मी जवळ गेलो. बॅटरीच्या उजेडात सगळा गढूळ धूर. त्यांनी बक्कल सोडलं होतं, तरी शिसं पडत नव्हतं, मागे लोंबून त्यांना खाली ओढत होतं. धडपडीत हवा भराभर संपत होती. त्यांच्या सिलिंडरची हवा दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा लाल रंगात गेलेला मी पाहिला. त्यांच्या कमरेवर हात फिरवला आणि तो गोफ हाताला लागला.

पोटरीवरची सुरी काढली, गोफाखाली घातली. आणि माझा हात थांबला.

आमच्याकडे माणूस गेल्यावरच त्याचा करदोडा तोडतात. माझ्या बापाचा मीच तोडला होता, घाटावर, सगळ्यांसमोर. जित्या माणसाचा तोडायचा नसतो, हे मला कोणी शिकवलेलं नाही, ते हातातच होतं. मी डोळ्यांसमोर भाऊंना सरणावर पाहिलं. किती वेळ थांबलो ते सांगता येत नाही. पण त्यांचे बुडबुडे येत होते, मग थांबले. सिलिंडर रिकामं झालं होतं. तेव्हा कुठे मी सुरी ओढली. एका ओढीत गोफ तुटला, शिसं गेलं आणि भाऊ सणाणत वर गेले.

जगले. पण हवा उरली असती तर मी त्यांना धरून हळूहळू वर आणलं असतं; तसं एकदम वर जाण्याने डावा कान गेला, रक्त आलं, मग ऐकूच येईना. डॉक्टरांनी पाणी कायमचं बंद केलं. बुडालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच टोळीला सापडला. टोळीसाठी खांद्याची जाकिटं आली, माझ्या भांडणामुळे आली, पण भाऊंसाठी उशिरा.

आता भाऊ काठावर बसून नवीन पोरांना ती गोष्ट सांगतात. माझा नायलॉन असा पक्का, म्हणतात, मास्तरची सुरीही चालेना, लय वेळ लागला बिचाऱ्याले. पोरं हसतात. मी मान हलवतो. कधीतरी सगळ्यांसमोर खरं बोलेन असं दर वेळी ठरवतो आणि दर वेळी पोरांची बक्कलं तपासायला लागतो.

गेल्या महिन्यात चहाच्या टपरीवर आम्ही दोघंच होतो. मी सगळं सांगून टाकलं. भाऊ, सुरी चालत होती, मीच थांबलो होतो, तुमचा कान माझ्यामुळे गेला. शब्द न गाळता सांगितलं. बसलो होतो त्यांच्या डाव्या बाजूला. जागा मीच निवडली होती.

माझे ओठ हलताना दिसले असावेत. त्यांनी चांगला कान माझ्याकडे वळवला.

"काऊन गा, काई म्हनला का?"

"नाई भाऊ," मी मोठ्याने म्हणालो, "चहा थंडा होऊन राह्यला."