शेवंतीमावशींची कोयती

आमच्या घरात पूर आला तो धाकटी डहाणूच्या मासळीवाल्या शेवंतीमावशींमुळे, आणि माझी मुलगी सुखरूप आहे तीही त्यांच्याचमुळे. म्हणून आधी त्यांचं नाव, मग बाकीचं. (शेवटी लिहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, "मला शेपटीचा तुकडा वाढलास होय रे?")

मी मूळचा हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत डहाणूच्या चिकूवाडीत फळं निवडायच्या कामाला लागलो. कांतीशेठच्या जुन्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत मी, बायको रेखा आणि आठ महिन्यांची परी असे राहायचो. परीला डोस द्यायला नेलं, तेव्हा नर्सताई म्हणाल्या, "जुन्या बंगल्यात राहता ना? पाण्याचा पाइप शिशाचा नाही ना, बघा. लहान पोरांच्या मेंदूला शिसं वाईट. पाइप खरवडायचा. चांदीसारखा चमकला, मऊ लागला आणि लोहचुंबक चिकटलं नाही, तर शिसं समजा. तोवर सकाळी नळ जरा वाहू द्या, रात्रभर साचलेलं पाणी जाऊ द्या, मग प्यायचं भरा. आणि उकळून शिसं जात नाही बरं का."

घरी येऊन मी चमच्याने पाइप खरवडायला बसलो. वरून हिरवा रंग, खाली निळा, त्याखाली गुलाबी. शेठच्या घराण्याच्या सगळ्या दिवाळ्या बाहेर आल्या, धातू काही येईना.

तेवढ्यात शेठ आले. "अरे भाऊ, माझ्या बापुजींनी टाकलेला पाइप हाय. हे पाणी पिऊन कोण मेला?"

"बापुजी," मी म्हणालो.

"ते तर म्हातारे होते ने!"

पाइप बदला म्हणून खूप विनवलं, पण शेठ ऐकेनात. मग राहिला नळ वाहू द्यायचा उपाय. आता मी टँकरमागे घागर घेऊन धावत मोठा झालेला माणूस. नळ नुसता वाहतोय हे मला बघवेना. म्हणून ते पहिलं, वाईट पाणी मी हंड्यात धरू लागलो. झाडांना घालू म्हटलं. पण हातची सवय जाते कुठे? हंडा चिंचेने लख्ख घासलेला, तोंडाला पांढरं फडकं, वर ताट. नंतरचं चांगलं पाणी साध्या बादलीत.

असे चार-पाच दिवस गेले. एका सकाळी मावशी मासळीची टोपली घेऊन आल्या. आमच्या उंबऱ्यावर बसून पाणी प्यायचा त्यांचा रोजचा नेम. रेखाने हंड्यात तांब्या बुडवला आणि मी ओरडलो, "त्यातलं नको, ते शिशाचं आहे!"

रेखा जागच्या जागी थांबली. "अहो, मग मी परीची खिमटी कशात शिजवतेय?"

"बादलीतल्या पाण्यात. नाही का?"

"बादलीतल्या पाण्याने मी लादी पुसते. तुम्ही एवढं झाकून ठेवलेलं, मला वाटलं परीचं म्हणून हेच."

मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हंड्याकडे. "पाइप राहू दे रे पोरा, तुझं डोकं तपासलंस का?" मग टोपलीतली मासे कापायची कोयती काढून उठल्या. "दाखव कुठंय. जाळ्याला वजनासाठी शिसं बांधण्यात जन्म गेला माझा."

त्यांनी कोयतीचं टोक एकदाच ओढलं. गुलाबी रंगाखाली चांदी चमकली. "शिसंच."

तिथं मी गप्प बसायचं की नाही? पण माझ्यासारख्या घाबरटाला एका खात्रीवर झोप येत नाही. "नक्की ना मावशी? अजून जरा दाबून बघा."

त्यांनी दाबलं. पाइप मऊ बटाट्यासारखा चिरला आणि पाण्याची धार थेट माझ्या तोंडावर! मी भोकावर अंगठा लावला तर दोन धारा झाल्या. परी टाळ्या पिटायला लागली. कांतीशेठ गंजीफ्रॉकवर धावत आले. "अरे, हे शूं केलं?"

"तपासलं," मावशी म्हणाल्या.

मी पाण्यात बसून रडत होतो. पोरीला मी आपल्या हाताने काय पाजलं, एवढंच डोक्यात. मावशींनी खांद्यावर हात ठेवला. "रडू नको रे. आधीच घरात पाणी खूप झालंय."

मग ओल्या लुगड्यानेच परीला कडेवर घेऊन त्या आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. मासळी तशीच राहिली. परीचं रक्त तपासायला बाहेरगावी गेलं. नळाच्या पाण्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून निकाल येईपर्यंत रोज सकाळी त्या घरून एक कळशी पाणी आणायच्या, टोपलीत बोंबलांच्या शेजारी ठेवून. पाण्याला वास बोंबलाचाच. निकाल चांगला आला. परी अजून बोंबील मागून खाते.

पाइपही बदलला. शेठ माझ्या विनवण्यांनी हलले नव्हते, पण त्या चिरेमुळे बंगल्याचंही पाणी बंद झालं. सकाळचा चहा चुकला आणि संध्याकाळपर्यंत बापुजींचा पाइप भंगारात गेला.

मावशी काही घेत नाहीत. म्हणतात, "समुद्र नाही असा गाव बघायचाय एकदा." नेणार आहे मावशी, नक्की नेणार. कोयती मात्र घरी ठेवा. आमच्या गावच्या घरात शिशाचा पाइप नाही, याची मला पक्की खात्री आहे. तिथं पाइपच नाही.