आकारामशेठचं नाक आणि गॅसवरची गाडी

गाडी विकणारे लोक लायसन बघतात, सह्या घेतात, पेढा भरवतात आणि किल्ली हातात देतात. नाक चालतं का, असं कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर आकारामशेठची पुढची फजिती टळली असती. पण खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी हा गडी धडधडीत खोटंच बोलला असता.

विट्याकडच्या कैक पोरांसारखा आकाराम चौदाव्या वर्षी मामाबरोबर मदुराईला गेला आणि गलाईच्या दुकानात बसला. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात उकळायचे, मळ निघून जातो आणि खाली उरतं ते चोख सोनं. ऐकायला झकास आहे. पण तेजाब उकळलं की जो पिवळा धूर उठतो, तो जाणार कुठं? दुकान आठ बाय दहाचं, धुराडं नावाला. तीस-बत्तीस वर्षं तो धूर आकारामच्या नाकातून ये-जा करत राहिला.

एके दिवशी दुकानाच्या मागं स्टोव्हवर भात करपला. शेजारचे चार दुकानदार आग लागली म्हणून बोंबलत आले, आणि आकाराम त्या भातापासून हातभरावर निवांत मूस हलवत बसलेला! लोक हसले आणि गेले. आकाराम मात्र हादरला. त्यानं मोगऱ्याचा गजरा नाकाला लावून बघितला, हिंगाची डबी बघितली, शेवटी तेजाबाची बाटली उघडून बघितली. काही म्हणता काही नाही. त्या दिवसापासून तेरा वर्षं त्यानं ही गोष्ट बायकोला नाही, भावाला नाही, कुणालाच सांगितली नाही. गलाईवाला निकामी झाला म्हणायला बाजारात कितीसा वेळ लागतो? बायको हरणाबाई गावाकडं शेती आणि लेक सांभाळून. हा वर्षातनं दोनदा यायचा, यात्रेला आणि दिवाळीला. ताटातल्या कालवणाचा रंग बघायचा, वाफ बघायची आणि म्हणायचा, "वा! काय वास सुटलाय!" हरणाबाई खूश. एवढं सोपं होतं सगळं.

शहाण्णव साली त्यानं दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि कायमचा गावी आला. एकुलती एक लेक संयोगिता वर्षापूर्वीच कोयनानगरला दिली होती. जावई शिवतेज तिथं धरणाच्या वीजघरात नोकरीला. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणजे सातव्या महिन्यात तिला आणायला जायचं आलं. आकारामच्या डोक्यात एकच भुंगा शिरला. माझी लेक यष्टीत आदळत-आपटत येणार? काय म्हणून? तडक पुण्याला गेला आणि परदेशी कंपनीची कोरी करकरीत गाडी घेऊन आला. लांबडी, बदामी रंगाची, आत एसी, बटण दाबलं की काच आपोआप खालीवर. गाव लोटलं बघायला. पहिले आठ दिवस गाडीभोवती पोरं, बाया, म्हातारे आणि दोन शेळ्या, अशी कायम यात्रा.

आता एवढी राजेशाही गाडी घेतली, तर गप पेट्रोल घालावं आणि बसावं की नाही? पण आकाराम सगळा जन्म गॅसच्या सिलिंडरशेजारी काढलेला माणूस. भट्टीची बत्ती त्यावरच चालायची. गाडी गॅसवर पळते असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं आणि गड्याला राहवेना. सांगलीत एक मिस्त्री ते काम चोरून करायचा. त्यानं डिकीत सिलिंडर बसवला, नळ्या जोडल्या आणि स्टेअरिंगखाली एक खटका लावला. खटका वर केला की पेट्रोल, खाली केला की गॅस. दोन्हींवर पळणारी गाडी! आकारामची छाती फुगली. निघताना मिस्त्री म्हणाला, "भ्यायचं काय काम न्हाई शेठ. वास आला की सिलिंडर बंद करायचा. बास."

वास आला की! घ्या आता.

सांगलीपासून गावापर्यंत आकारामनं चारही काचा खाली ठेवल्या आणि गाडी पेट्रोलवर आणली. मिस्त्रीला तिथंच सांगून टाकायचं सोडून मुकाट्यानं मान हलवून आला, ह्याला काय म्हणावं? घरी आल्यावरही त्याचा पाय एका जागी ठरेना. जेवता जेवता उठायचा, डिकी उघडायचा, नळीला हात लावायचा, परत येऊन बसायचा. घास तोंडात आणि डोळे अंगणात. गॅस काढून टाकावा तर लोक विचारणार, का काढला? ठेवावा तर जिवाला घोर. मग त्यानं एक शक्कल काढली. जो भेटेल त्याला गाडीत बसवायचा, काचा लावायचा आणि गॅसचा खटका दाबून हळूच विचारायचा, "कसला वास येतोय का?"

"व्हय की शेठ!" गावचा पोस्टमन नानासो छातीभरून श्वास घेऊन म्हणाला. "कोऱ्या गाडीचा काय वास येतोय! झ्याक!"

"तसला न्हवं रं. दुसरा कसला?"

"आत्तराचा. लय भारी."

गाडीत अत्तर नव्हतंच. पण शेठ एवढ्या हौसेनं विचारतोय म्हटल्यावर कोण घाण वास येतोय म्हणेल? सरपंचाला चामड्याचा वास आला, शाळेच्या हेडमास्तरांना परदेशाचा. महिनाभर गावानं ती गाडी हुंगली आणि एकानंही खरं सांगितलं नाही. आकाराम जास्तच कासावीस व्हायचा. शेठला गाडीचा गर्व झाला, असं लोक पाठीमागं म्हणायला लागले, ते निराळंच.

मे महिन्यात दिवस ठरला आणि आकाराम-हरणाबाई कोयनानगरला निघाले. हरणाबाईला गाडी लागते. तिनं पुढची काच अर्धी उघडी ठेवली आणि लिंबू नाकाला लावलं ते लावलंच. जाताना गाडी पेट्रोलवर सुखरूप गेली. व्याही आप्पासो गाडी बघून म्हणाले, "लय मऊ हाय हो. आमच्याकडं तर घरात बसल्या बसल्या जमीनच हादरे देती, आता गाडीतच ऱ्हायला येतो." सगळे हसले, चहापाणी झालं, ओटी भरली. निघताना व्याह्यांनी झाडाचा पिकलेला फणस आणून दिला. डिकी सिलिंडरनं भरलेली, म्हणून फणस मागच्या सीटखाली, संयोगिताच्या पायाशी.

पाटणच्या अलीकडं पेट्रोलचा काटा खाली आला. मागं लेक, पुढं बायको, आणि गाडी बंद पडली तर? आकारामनं मनातल्या मनात जोतिबाचं नाव घेतलं आणि खटका खाली केला. गाडीला काहीच झालं नाही. पुढची दोन वळणं तो स्टेअरिंग घट्ट धरून, कान टवकारून बसला होता. कानानं काय कळणार होतं त्याला?

"आबा," संयोगिता मागनं म्हणाली, "कसलातरी वास येतोय."

आकारामनं विचारलं, "कसला?"

"घाण. सडक्या कांद्यागत."

"आगं फणस हाय त्यो," हरणाबाई लिंबू न हलवता म्हणाली. "आन पोटुशी बाईला कशाचाबी वास येतो. तू पोटात हुतीस तवा मला दुधाचा वास सोसत न्हवता."

"फणस न्हवं आई. मला फणस कळत न्हाई व्हय?"

"तुमाला येतोय का वो?" हरणाबाईनं नवऱ्याला विचारलं.

तेरा वर्षांची सवय. तोंड आपोआप बोलून गेलं, "फणसच आसंल."

आणखी एक वळण झालं. संयोगितानं पदर तोंडाला लावला. "मला उलटी हुणार आता. डोकं गरगरतंय."

"आवं, थांबवा जरा बाजूला," हरणाबाई म्हणाली, "आन देवाम्होरं उदबत्ती लावा. वास मरंल."

काचेमागं जोतिबाची तसबीर होती, तिच्यापुढं उदबत्तीचं घर. आकारामनं गाडी कडेला घेतली. उदबत्ती काढली, काडेपेटी काढली, काडी पेटीच्या कडेला टेकवली आणि लेकीचं कसं चाललंय म्हणून आरशात बघितलं. तिनं एका हातानं नाक दाबलं होतं, दुसरा हात पोटाखाली धरला होता. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. महिनाभर अख्ख्या गावानं ही गाडी हुंगली. वाईट वास येतोय म्हणणारी ही पहिलीच! हिला शेठला खूश करायचं नाही, हिला आत बसवत नाही, म्हणून ही खरं बोलतेय.

त्यानं काडी पेटीत घातली. 

"उतरा," तो ओरडला. "दोघीबी उतरा. आत्ताच्या आत्ता! लांब जावा, त्या जांभळीखाली."

गाडी बंद करून, चारही दारं उघडून त्यानं डिकी उघडली, सिलिंडर आवळून बंद केला आणि धावत झाडाखाली आला. हरणाबाई चिडलेली. "फणस टाकायचा सोडून गाडी कशाला रिकामी केली?"

"फणस न्हवं. गॅस आसंल."

"आसंल म्हंजी? तुमाला येतोय का न्हाई?"

आकाराम लेकीकडं बघून म्हणाला, "मला नाक राहिलं न्हाई, बाय."

संयोगिताचा चेहराच उतरला. "आसं का म्हणता आबा? माझ्या सासरच्यांनी मानपानात काय कमी केलं का? कोण काय बोललं तुमाला?"

"आगं ते न्हवं! ह्ये नाक!" त्यानं स्वतःचं नाक चिमटीत धरून ओढलं. "ह्ये! तेरा वर्षं झाली. तेजाबानं खाल्लं. तुझ्या लग्नातला हार, जेवणाची पंगत, कशाकशाचा वास आला न्हाई मला. काय कळत न्हाई."

 मग हरणाबाईचा तोफखाना सुरू झाला. "म्हंजी माझ्या कालवणाला वास भारी, वास भारी म्हणत हुता त्ये?"

"रंगावरनं."

"रंगावरनं! आन मी येडी, तुमी यायचं म्हणून आदल्या दिवशी मसाला कुटायची!" तिनं लिंबू रस्त्यावर फेकलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. राग खोटा नव्हता, रडूही खोटं नव्हतं.

गाडी चांगली घटकाभर वाऱ्यावर उघडी राहिल्यावर आकारामनं लेकीच्या पिशवीतला साबण मागून घेतला. गलाईच्या दुकानात नळी तपासायची ती अशीच. हातावर दाट फेस केला आणि सिलिंडर जरासा उघडून नळीच्या सांध्याला तो फेस थापला. सांध्यावर एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मागनं दुसरा. नाक नसलं तरी डोळे होते. एवढी साधी गोष्ट घरच्या अंगणात केली असती तर? महिनाभर गावाला विचारत हिंडला, पण आपल्याच धंद्यातला साबण त्याला आठवला नाही. विचारायचं होतं एक आणि लपवायचं होतं दुसरं, त्यात अक्कल गेली. सिलिंडर पुन्हा आवळून तो रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर मटकन बसला. 

"मी काडी काढली हुती, संयू," तो म्हणाला. "पेटीवर टेकीवली हुती."

"पर वडली न्हाई न्हवं?" ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "मग झालं तर."

उरल्यासुरल्या पेट्रोलवर, काचा खाली टाकून, गाडी बैलगाडीच्या चालीनं पाटणला पोचली आणि टाकी भरून घरी आली. दुसऱ्याच दिवशी सिलिंडर निघाला. नानासोनं विचारलं तेव्हा आकारामनं सरळ सांगितलं, मला वास येत नाही म्हणून काढला. नानासो गोरामोरा झाला. म्हणाला, "शेठ, खरं सांगू? आत्तराचा वास मलाबी आला न्हवता." मग दोघंही हसले, पण आकारामचं हसू लवकर आटपलं. काडीची आठवण आली की अजून त्याचा तळहात ओला व्हायचा.

जुलैच्या शेवटी विट्याच्या दवाखान्यात संयोगिताला मुलगी झाली. पाचव्या दिवशी आकाराम दोघींना न्यायला गाडी घेऊन गेला. हरणाबाई आत औषधं समजून घेत होती. संयोगिता मागच्या सीटवर बसली, आकाराम शेजारी टेकला, आणि तिनं लेक अलगद त्याच्या मांडीवर ठेवली.

"आबा, टाळूला वास घ्या की," ती सवयीनं बोलून गेली आणि जीभ चावली.

आकारामनं तरीही नाक टेकवलं. मऊ लागलं, कोमट लागलं. केस गालाला लागले. डोळे मिटून त्यानं श्वास ओढला, पुन्हा ओढला. तोंडाशी आलेलं "वा" त्यानं गिळलं. तेरा वर्षांत अत्तर गेलं, मोगरा गेला, पंगती गेल्या, त्याचं त्याला एवढं कधी वाटलं नव्हतं. हे मात्र सोसेना. दवाखान्याच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तो माणूस घळाघळा रडायला लागला.

"मला सांग," तो म्हणाला. "कसा येतोय?"

संयोगिता वाकली. "त्याल लावलंय, त्याचा येतोय. वर दुधाचा, जरासा आंबूस. आन दुपट्याचा, उनात वाळल्यागत."

"आन?"

"आन एक हाय... त्यो सांगता येत न्हाई, आबा. तान्ह्या बाळाचाच असतुया."

"त्योच सांग."

तिनं पुन्हा नाक टेकवलं. बराच वेळ शोधून बघितलं, पण तिला शब्द सापडेना.

"ऱ्हाऊ दे," आकाराम म्हणाला. "पयल्यापास्नं सांग परत."

आणि ती परत, तेलापासून सांगायला लागली.