गोदामातल्या हॉटेलचा पाहुणा

भाची मला हॉटेलात नेणार या आनंदात मी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि सकाळी नऊला दुबईतल्या करामा भागातल्या तिच्या घरून आम्ही निघालो. गौरीची गाडी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात शिरली. कारखाने, कामगारांच्या वसाहती, वाळू. शेवटी ती एका बिनखिडक्यांच्या गोदामापुढे थांबली.

"हेच हॉटेल. यल्ला (चल), मामा!"

आत खरोखरच हॉटेल होतं. गालिचा, काउंटर, लिफ्टचं दार. दारामागे मात्र भिंत. बाहेर रणरणतं ऊन, आत कायमची संध्याकाळ. कुठूनतरी लाटांचा आवाज येत होता. मी मोजलं, तेराव्या लाटेनंतर पहिलीच पुन्हा यायची.

चिमुकल्या बेट-देशांतली मुलं-मुली इथे हॉटेलची कामं शिकतात. तिकडे हॉटेलं उभी राहतात, नोकऱ्या मात्र बाहेरच्यांना जातात, म्हणून हा खटाटोप. गौरी त्यांना शिकवते. कॉरिडॉरमध्ये सहा दारांतून सहा जणांनी एकाच आवाजात, एकच हसू हसून 'गुड इव्हिनिंग, सर' म्हटलं. दहाही वाजले नव्हते. मीही उलट 'गुड इव्हिनिंग' म्हणत गेलो. सहाव्यांदा म्हणताना मला ते पटलंसुद्धा.

"आज एक्झाम आहे," गौरीने एक खोली उघडली. "तू गेस्ट. लोळ, चहा पी, पसारा कर आणि अर्ध्या तासाने बाहेर ये. मग नसीमा रूम लावेल. दोनदा फेल झालीय ती. आज पास झाली तर तिच्याच बेटावरच्या नव्या हॉटेलात जॉब, आईजवळ. नाहीतर खलास (संपलं)."

"पसारा मला जमतो. मामीला विचार."

मी लोळलो आणि चक्क झोपलो. जाग आली ती फोनच्या घंटीने. उचलला, तर पलीकडे कुणी नाही, नुसत्या लाटा. दिवा तसाच, उजेड तसाच. किती वेळ गेला? कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. घाबरलेला माणूस सवयीने वागतो. मी पांघरुणाची चौकोनी घडी केली, चादर झटकली, उशीखाली नीट दुमडून ठेवली, कप विसळला, न्हाणीघर पुसून काढलं आणि बाहेर पडलो.

तेवढ्यात परीक्षक आले, दुबईत राहून हिंदी शिकलेले एक लेबनीज गृहस्थ. मागे विशीतली सडपातळ नसीमा. त्यांनी खोलीत डोकावून तिच्या कागदावर फुली मारली. "वेळेआधीच हात लावलास? आणि हे असं?"

नसीमाचं हसू तसंच राहिलं.

"मामा!" गौरी ओरडली.

"अगं, पाहुण्याने अंथरूण तसंच टाकून जायचं? लोक काय म्हणतील?"

"मामा, इथे लोकच नाहीयेत!"

मी परीक्षकांपुढे मोडक्या हिंदीत गुन्हा कबूल केला. त्यांनी कागदावरची फुली खोडली. "फिर से," ते म्हणाले. "लेकिन सर कुर्सी पर बैठेंगे."

मी अंथरूण पुन्हा विस्कटलं, मोजे काढून जमिनीवर टाकले आणि खुर्चीत बसलो. नसीमा माझे मोजे उचलायला वाकली, तेव्हा मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिने एका झटक्यात चादर अशी पसरली, की सुरकुती म्हणून नाही. शेवटी पडदा सरकवला. मागे दिव्यांनी उजळलेला मोठा फोटो होता: निळा समुद्र, नारळ, पांढरी वाळू.

"मबरूक (अभिनंदन)," म्हणत परीक्षकांनी सही केली आणि ते पुढच्या खोलीकडे गेले.

"हे तुझं बेट?" मी विचारलं.

"जी सर. नए होटल की खिड़की से." सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत सांगत तिने मोकळ्या वाळूवर बोट ठेवलं. "यहाँ हमारा घर है."

तिथे घर नव्हतं. वाळूवर एक चौकोनी सावली मात्र होती.

"घर फक्त फोटोतूनच पुसलंय ना?"

"माँ फोन पे हाँ बोलती है," ती म्हणाली आणि हसली. तेच हसू.

पुण्यात परतल्यावर महिन्याभराने गौरीचा मेसेज आला: नसीमा कामावर रुजू झाली. मुलीला कसब मिळालं, नोकरी मिळाली, तीही स्वतःच्या मातीत. यापेक्षा चांगलं काय होणार, असं मी स्वतःला बजावलं. मग 'घराचं काय, विचारलंस का?' असं लिहिलं.

ती ओळ पुसली आणि 'अभिनंदन' पाठवून दिलं.