‘दोन महिने बघू’ म्हणाले, मी सोमवारीच निघाले

या ब्लॉगवर तुम्ही परंड्याचा किल्ला, तेरची जुनी मंदिरं, नळदुर्गचा धबधबा वाचायला येता, हे मला ठाऊक आहे. या वेळचा प्रवास कळंब ते सोलापूर, मधे धाराशिव आणि तामलवाडी, असा दोन दिवसांचा आहे. फोटो काढण्यासारखं ठिकाण वाटेत होतं, पण मी काढले नाहीत. आपल्या भागातल्या कितीतरी बायकांना हा रस्ता धरावा लागतो आणि त्याची माहिती कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. रागात लिहितेय, तेही आधीच सांगून ठेवते.

पाच वर्षांपूर्वी मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं सोलापुरात झालं. केस परत आले, शाळेत परत रुजू झाले, चौथीच्या वर्गाला परत पाढे शिकवू लागले. लोकांना वाटतं संपलं. ज्याला झालंय त्यालाच माहीत असतं की अंग पुसताना हात त्या जागेवरून सरळ कधी जातच नाही. थांबत थांबत जातो.

डिसेंबरात एका सकाळी हात थांबला. ऑपरेशनच्या वणाच्या टोकाला, काखेकडं, तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक लागलं.

एकोणीस दिवस मी कुणाला बोलले नाही. हो, मीच. वर्गात मुलींना ‘दुखलं खुपलं लगेच सांगायचं’ म्हणणारी बाई. रोज अंघोळीला जायचे, दाबून बघायचे, आणि बाहेर येऊन डबे भरायचे. शेवटी एका गुरुवारी शाळा सुटल्यावर गावातल्या डॉक्टरांकडं गेले. नाव लिहीत नाही. त्यांनी पडदा ओढला नाही, ब्लाउजवरूनच दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, “मॅडम, एकदा झालेल्या माणसाला सगळीकडं तेच दिसतं. मनातून काढून टाका. दोन महिने बघू.” आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मी गाठ दाखवायला गेले होते, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर औषध दिलं.

नवरा साखर कारखान्यात आहे, जानेवारीत हंगाम भरात. तो म्हणाला, “पुढच्या शनिवारी रजा टाकतो, मग जाऊ.” मी म्हणाले, “मी सोमवारी चाललेय.” त्यावर सासूबाई चुलीपासून उठल्या. “एकटी जाऊ नको. म्या येते.”

त्या सोबत याव्यात असं मला अजिबात वाटत नव्हतं. का, ते पुढं येईलच.

सोमवारी सकाळी कळंबच्या स्टँडवरून निघालो. बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यामुळं जाणं-येणं परवडतं. येरमाळ्यापर्यंत रस्ता ठीक आहे, पुढं हायवे लागतो. थंडीत गाडीच्या खिडक्या खडखडतात, शाल जवळ ठेवा. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. सासूबाई बाहेर बघत, “औंदा ज्वारी चांगली हाय,” असं दर दहा मिनिटांनी म्हणत होत्या. मी ‘हो’ म्हणत होते. पाच वर्षं आमचं बोलणं एवढंच आहे. ज्वारी, पाणी, गॅसचा नंबर.

धाराशिवला एका खासगी तपासणी केंद्रात मी आधी फोन करून सोनोग्राफीची वेळ घेतली होती. दहाची. पावणेदहाला पोचलो. काउंटरवरच्या माणसानं वर न बघता विचारलं, “मिस्टर कुठंयत?”

“कामावर. पेशंट मी आहे.”

“डॉक्टरांची चिठ्ठी?”

जुनी फाइल पुढं केली. ती त्यानं उघडलीसुद्धा नाही. “छातीची सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम शुक्रवारी येतात. शुक्रवारी या. मिस्टरांना घेऊन या.”

“फोनवर तर सोमवार सांगितलं.”

“मशिन सोमवारी पण चालू असतं, बाई. मॅडम नसतात.”

मला रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. सासूबाईच पुढं झाल्या. नऊवारीचा पदर खोचून त्यांनी काउंटरवर हात आपटला. “मिस्टर काय दाखवणार हाय रं तुला? गाठ हिला हाय. नोकरी करती, पोरं शिकवती, अन् तू तिला मालक कुठं म्हनून इचारतो? जनावराचा बाजार हाय व्हय ह्यो?”

बाकड्यावरच्या बायका हसल्या. पण मॅडम शुक्रवारीच येणार होत्या.

जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. फोन करताना ‘मशिन आहे का’ एवढंच विचारू नका. ‘तपासणारे डॉक्टर त्या दिवशी असतात का, नाव काय’ हे विचारा. जुनी फाइल, ऑपरेशनचे कागद, पहिला बायोप्सीचा रिपोर्ट, सगळं सोबत ठेवा. पुढून बटणाचा ब्लाउज किंवा कुर्ता घाला. आणि आधी खाऊन घ्या. आम्ही स्टँडजवळ पोहे खाल्ले. बरे होते, वरून शेव भरपूर. मी निम्मे ठेवले, ते सासूबाईंनी संपवले.

माघारी जायचं की पुढं, एवढाच प्रश्न होता. जिथं उपचार झाले तिथंच जायचं असं मी ठरवलं. पण सोलापूरला पोचेपर्यंत ओपीडी बंद झाली असती. म्हणून तुळजापूरमार्गे तामलवाडीला उतरलो. तिथं माझी नणंद रेखा राहते. सोलापूर तिथून तासाभराच्या आत आहे.

तामलवाडी हायवेवरचं गाव. रेखाचं घर आत, द्राक्षाच्या बागेला लागून. तिनं आम्हाला बघून चार वाजताच शेंगोळे करायला घेतले. लसणाची फोडणी, वर कच्चं तेल. तिचा लहानगा अंगणात हरभऱ्याचे ढहाळे सोलत बसला होता. दिवस मावळायच्या आत आम्ही ओसरीवर जेवायला बसलो आणि रेखानं साधाच प्रश्न विचारला.

“वहिनी, ह्या वेळी तरी लवकर निघालात. मागच्या टायमाला एवढं काखेपर्यंत जाईस्तोवर का थांबला होता?”

मी घास खाली ठेवला. सासूबाईंकडं बघितलं. त्या ताटात बघत होत्या.

पाच वर्षं गिळलेलं त्या ओसरीवर बाहेर आलं. मी सांगितलं, “तुझं लग्न होतं, रेखा. फेब्रुवारीत मला गाठ लागली. तुझं लग्न वैशाखात. आत्याबाई, तुझ्या आईच, म्हणाल्या, लग्नघरात दवाखान्याचं नाव काढू नको, सोयरीक मोडेल. तीन महिने मी पदराखाली गाठ झाकून तुझ्या लग्नाचे लाडू वळले. गाठ लागली तेव्हा ती हरभऱ्याएवढी होती. तुझी पाठवणी झाली तेव्हा काखेत दोन झाल्या होत्या. केमो जास्त लागले, हात अजून सुजतो. हे सगळं कुणासाठी? मांडवासाठी.”

माझा आवाज चढला होता. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मला फिकीर नव्हती.

रेखा पांढरी पडली. मग लाल झाली. “आई, हे खरंय?”

सासूबाईंनी ताट सरकवलं.

“मला इचारलं का कुणी?” रेखा ओरडली. “माझ्या लग्नासाठी वहिनीचा जीव टांगणीला लावला, अन् मला ठावबी न्हाय! मोडली असती सोयरीक तर मोडली असती. दुसरी झाली असती. वहिनी कुठून आणली असती?”

“तुमास्नी काय सांगू,” सासूबाई एवढंच म्हणाल्या. उठून बागेच्या बांधावर जाऊन बसल्या. मला वाईट वाटलं नाही. हलकंही वाटलं नाही. राग बोलून कमी होतो म्हणतात, माझा वाढला. कारण बोलता बोलता मला दिसलं की मी त्यात सामील होते. माझा पगार होता, माझं एटीएम कार्ड होतं, कळंबवरून सोलापूरला दिवसात चार गाड्या होत्या. मी गेले नाही. ‘चांगली सून’ म्हणवून घेण्याची मला हाव होती.

दुसऱ्या दिवशी आठला सोलापूरच्या दवाखान्यात पोचलो. नंबर लवकर लागतो, पण आधी पोचायला हवं. नवाच्या पुढं गेलात तर दुपार होते. कागद काढायला एक खिडकी, पैसे भरायला दुसरी. तिथल्या पाट्या मोठ्या अक्षरात आहेत, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मदतीला एक ताई बसलेल्या असतात. या गोष्टी छोट्या नाहीत.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी पडदा ओढला, हात धुतले, एकमेकांवर चोळून ऊब आणली आणि मग तपासलं. दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याजवळ. पंधरा मिनिटं तरी लागली असतील.

“कधी लागली हाताला?”

“चोवीस दिवस झाले.”

“आणि येताय आज?”

मी काही बोलायच्या आत, पडद्याच्या पलीकडून आवाज आला. “मागच्या टायमाला म्या थांबवली व्हती तिला. तीन महिने. लेकीच्या लग्नापायी. आवंदा तिचं तिनं थांबवलं आसंल, पर तिला गप बसायची सवय म्याच लावली. कागदावर लिवायचं तर ते लिवा.”

डॉक्टरांनी पडदा बाजूला केला, सासूबाईंना आत बसवलं. त्यांना म्हणाल्या, “आजी, कागदावर ते लिहायची सोय नसते.” मग मला म्हणाल्या, “ऑपरेशनच्या जागी किंवा काखेत नवं काही लागलं, तर त्याच आठवड्यात यायचं. हात लावून न बघता दोन महिने थांबा म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. आणि दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी शेवटची कधी केली?”

“दोन वर्षं झाली.” सर्वेक्षणाचं काम, मग परीक्षा, मग सुट्टी. कारणं मी सांगितली नाहीत.

“दरवर्षी सांगितली होती ना? शाळेत पोरांना गैरहजरीचा दंड करता, स्वतःला नाही?”

त्या दिवशीच सोनोग्राफी झाली, दुसऱ्या बाजूचा फोटो झाला, सुई घालून तुकडा काढला. दुखतं, पण दात काढण्याइतकंच. जखमेवर पट्टी बांधून आम्ही संध्याकाळच्या गाडीनं निघालो. सासूबाईंनी माझी पिशवी मला घेऊ दिली नाही. त्या ज्वारीबद्दल काही बोलल्या नाहीत.

आठ दिवसांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन आला. कॅन्सर नव्हता. जुन्या ऑपरेशनच्या जागी चरबी घट्ट होऊन झालेली गाठ. मी पायरीवर बसले. मुलं खिचडीच्या रांगेत भांडत होती, ती भांडणं मी सोडवली नाहीत. भांडू दे म्हटलं.

रविवारी बाजारात ते डॉक्टर भेटले. बातमी पोचली होती. भाजीच्या ढिगाऱ्यापलीकडून हसत म्हणाले, “मी म्हणालो होतो ना मॅडम, काही नाही म्हणून?”

“तुम्हाला माहीत नव्हतं, डॉक्टर,” मी म्हणाले. “तुम्ही बघितलंच नव्हतं. तुमचा अंदाज नशिबानं बरोबर आला. दुसरीचा नाही येणार, आणि ती तुमचं ऐकून घरी बसलेली असेल.”

“टेन्शन फार घेता तुम्ही,” म्हणून त्यांनी मेथीची जुडी उचलली. कळंबात त्यांची प्रॅक्टिस मोठी आहे. रांग लागते. मला आजही त्या रांगेकडं बघवत नाही.

त्याच दुपारी मी भाजी निवडत होते. सासूबाई समोर येऊन बसल्या. मेथीची पानं खुडता खुडता म्हणाल्या, “त्या डाक्टर बाईला माजी बी बघायला लावशील का?”

“काही लागतंय हाताला?”

“दीड वरीस झालं.”

मला ओरडायचं होतं. दीड वर्ष एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी भाकरी थापत होतो. “मला का नाही सांगितलं?”

“तुला कोनत्या तोंडानं सांगू, सुनंदा?”

पाच वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत त्याच रस्त्यानं गेलो. त्यांचा रिपोर्ट कॅन्सरचाच आला. डॉक्टर म्हणाल्या, उशीर झालाय, पण दुसरीकडं पसरलेला दिसत नाही. या महिन्यात ऑपरेशन आहे. माझी भीती गेलेली नाही. हात अजून थांबत थांबतच जातो. पण आता तो थांबला की मी तारीख लिहून ठेवते आणि घरात मोठ्यानं सांगते. राग तर जायचं नावच काढत नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

परवा तपासणीला जाताना तुळजापूरला शेजारच्या सीटवर एक बाई बसली. पन्नाशीची असेल, हातात नारळाची पिशवी. तिनं सहज विचारलं, “कुठं निघालाव आजी?”

“सोलापूरला. छातीत गाठ हाय, दवाखान्यात चालले,” सासूबाई म्हणाल्या. गाडीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

पुढच्या सीटवरचे दोन पुरुष वळून बघायला लागले. त्या बाईनं खिडकीबाहेर बघितलं. घाट उतरल्यावर हळूच सासूबाईंकडं सरकून तिनं विचारलं, “दवाखाना कोनता हाय, आजी? सोमवारी उघडा असतो का?”