पाच वाजायची वाट

आयसेलिनजवळ एमएस करत असताना एका वसंतात मला राज्याच्या मत्स्यविभागात अर्धवेळ काम मिळालं. मी अर्ज केला तो माशांच्या प्रेमापोटी नव्हे. हॅचरीत, म्हणजे मासे वाढवतात तिथल्या टाक्यांजवळ उभं राहायचं, पाण्याचं तापमान बघायचं, दिवसभर कुणाशी बोलायला लागणार नाही, असं माझं चित्र होतं. पहिल्याच दिवशी मला बरोबर उलटं काम मिळालं. नदीकाठी जाऊन गळ टाकणाऱ्या अनोळखी माणसांना प्रश्न विचारायचे.

माझी सुपरवायझर बाई उंच आणि मोठ्या आवाजाची होती. तिने नकाशा पसरून समजावलं. हॅचरीत वाढवलेले ट्राउट विभाग वसंतात ट्रकने ओढ्यांमध्ये सोडतो. उन्हाळ्यात यातल्या बऱ्याच ओढ्यांचं पाणी ट्राउटला सोसवत नाही, म्हणून हे मासे लोकांनी पकडावेत यासाठीच असतात. ओढे पुष्कळ आणि मासे मोजके, त्यामुळे जिथे माणसं येतात तिथेच ट्रक जातो. माणसं येतात की नाही हे बघायला माझ्यासारखे विद्यार्थी.

माझ्या वाट्याला आलेल्या ओढ्यांमध्ये एक छोटा ओढा होता, एका मोठ्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या मागे. तिथे बहुतेक आपलेच लोक राहायचे. "या सीझनला तिथे कुणी दिसलं नाही," बाई म्हणाली, "तर पुढच्या वर्षी त्याचे मासे दुसरीकडे."

मी गेले तेव्हा तिथे एकच माणूस होता. स्वेटर, माकडटोपी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. फिशिंग लायसन्स बाहेरून दिसेल असं लावायचं असतं, ते त्यांनी स्वेटरवर सेफ्टी पिनने लावलं होतं, वरपक्षाच्या बिल्ल्यासारखं. मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनीही इंग्रजीत, शाळेत उभं राहून द्यावीत तशी उत्तरं दिली. मग पाण्याकडे वळून स्वतःशीच मराठीत म्हणाले, "पोरगी घाबरलेली दिसते."

"घाबरले नाहीये," मी म्हटलं.

ते सावकाश वळले. "मग मघापासून इंग्रजी कशाला झाडत होतीस?"

काका रत्नागिरीचे होते. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. गाडी चालवता येत नाही, आणि इथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. चालत जाता येईल अशी त्यांना एकच जागा सापडली होती, हा ओढा. गळाला ते कणकेत हिंग घालून केलेली गोळी लावत. हॅचरीतले मासे जन्मभर कारखान्यातलं खाणं खाल्लेले, त्यामुळे हिंगाचा काही उपयोग झालेला नव्हता.

"आणि हे तू विचारतेस कशाला?" त्यांनी विचारलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी सांगितलं.

"म्हणजे माणसं नसली तर मासे बंद?"

"हो, काका."

ते बराच वेळ कॉम्प्लेक्सच्या बाल्कन्यांकडे बघत राहिले. तिथे दोन-तीन आजोबा रेलिंगला टेकून पार्किंग लॉटकडे बघत उभे होते.

पुढच्या खेपेला मी गेले तो ट्रक येऊन गेल्याचा दिवस होता. मासे सोडले त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत गळ टाकायला बंदी असते, सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून. लोक आधीपासून काठावर येऊन थांबतात. मी पोचले तेव्हा काठावर पाच माकडटोप्या एका ओळीत होत्या. पाच बिल्ले. मध्ये चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा. काका ओळीच्या टोकाला, घड्याळाकडे डोळे लावून. पाच वाजले तसे ते म्हणाले, "हं, होऊ द्या सुरू," आणि पाचही गळ पाण्यात पडले. त्यातले दोन एकमेकांत अडकले.

"तरी सांगत होतो, लांब उभे राहा."

"लांबच होतो. तुमचाच हात भलतीकडे जातो."

मी एकेकाला प्रश्न विचारत गेले. नागपूरचे एक काका शुद्ध शाकाहारी निघाले. पकडलेला मासा ठेवता की सोडता, असा प्रश्न होता.

"सोडतो. आम्ही खात नाही."

"मग धरता कशाला?"

"अगं, सून आणि मुलगा सातला येतात," ते म्हणाले. "तोवर करू काय?"

शेवटचा प्रश्न झिप कोडचा, माणूस किती लांबून आला ते कळावं म्हणून. रत्नागिरीच्या काकांनी घसा साफ करून सहा आकडे सांगितले. मी थांबले. "काका, इथला सांगा. पाच आकडी असतो."

"कुठून आलात असं विचारलंस ना? मी रत्नागिरीहून आलो." बाकीच्या चौघांनीही मग आपापले पिनकोडच दिले, आणि मी ते तसेच लिहिले.

ऑफिसला जाताना डोक्यात एकच प्रश्न होता. ही माणसं खरी धरायची की जमवलेली? मी सुपरवायझरला सगळं सांगितलं, कॉम्प्लेक्सच्या बाल्कन्यांसकट. एरवी मी तिच्याशी हो-नाहीच्या पुढे गेले नव्हते.

तिने विचारलं, "लायसन्स होतं?"

"पाचही जणांकडे."

"गळ पाण्यात होता?"

"दोन एकमेकांत अडकले होते. पण पाण्यातच."

"मग झालं. माणूस मासे का पकडतो हे आपण विचारत नाही." मग तिची नजर सहा आकडी कोडांवर गेली. मी समजावल्यावर ती इतकी हसली की पलीकडच्या खोलीतून लोक आले. आख्ख्या राज्यात इतक्या लांबून माणसं येतात असा दुसरा ओढा नाही, असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

सीझनभर ते पाच जण येत राहिले, कधीकधी सहा. काकांना मे महिन्यात एक ट्राउट मिळाला, हिंगाशिवाय. ते पावसाळ्याआधी परत गेले.

ओढा यादीत राहिला. पुढच्या एप्रिलमध्ये ट्रकमागून मी तिथे पोचले तर काठावर एक नवीन आजोबा उभे होते, सोलापूरचे. हातात रत्नागिरीच्या काकांचा गळ. तो गळ आता कॉम्प्लेक्समध्येच राहतो, मुलांकडे येणाऱ्या आईबाबांच्या हातातून पुढे जात, असं कळलं.

मी त्या आजोबांजवळ गेले आणि मराठीतच म्हटलं, "काका, पाचाला अजून वेळ आहे."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तीच का तू? रत्नागिरीकरांनी फोनवर सांगितलंय," ते म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आत त्यांनी सोलापूरचा पिनकोड सांगून टाकला.