सोप्यावरची कंपनी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी सोलांसाठी जाडं मीठ घेत होते. वयनीनेच सांगितलं होतं, "मिठागराचें हाड गो, पाकिटाचें नाका." पिशवी हातात घेतली आणि फोन आला. वयनी गेली. सकाळी चहा घेऊन दारापुढच्या सोप्यावर बसली होती, तिथेच... मी ते मीठ घेऊनच हळर्णला गेले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

वयनी माझी थोरली जाऊ. मी डिचोलीत राहते, ती हळर्णच्या घरी. दोघी मिळून आम्ही कोकमाची सोलां आणि त्याच्या रसाचं आगळ करायचो. पणजीतल्या एका दुकानाला माल आवडला, पण कंपनी असल्याशिवाय घेणार नाही म्हणाले. झालं, वयनीने मनावर घेतलं. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी देवीचा कौल. तिच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडची पडली की होकार. वयनीने देवीच्याच नावाने कंपनी काढायचं ठरवलं, कौल घेतला, पाकळी झटकन पडली. पेढे वाटून झाले. आणि म्हापशाच्या सीएंनी नाव पाठवलं तर ते नामंजूर! तशा नावाची कंपनी आधीच होती.

"देवीन उजवो कौल दिलो आनी हो कंप्युटर कोण ना म्हणपी?" वयनी सीएंच्या ऑफिसात खुर्चीवरून उठलीच. ते बिचारे पाण्याचा ग्लास पुढे करत राहिले. परतीच्या बसमधून उतरताना मात्र म्हणाली, "फुडल्या खेपेक आदीं सरकाराक विचारुया, मागीर देवीक. देवी समजून घेता."

तसंच केलं. सरकारने मान्य केलेलं नाव देवीपुढे ठेवलं आणि 'हळर्ण आंगण' उभी राहिली, आम्ही दोघी संचालक. कंपनीचं नोंदलेलं ऑफिस म्हणजे घराच्या दारापुढचा सोपा, बसायचं सिमेंटचं बाकच. ऑफिसचा, आत बसलेल्या संचालकासकट, फोटो लागतो असं कळल्यावर वयनी केसांत आबोली माळून तिथे बसली. कोकमाने जांभळे झालेले हात पदराखाली लपवले. नावाची पाटी भिंतीला लागली, तेव्हापासून रोज देवपूजा झाली की उरलेलं फूल पाटीवर. वार्षिक विवरणपत्रं भरायची वेळ आली की ती मला आठ दिवस आधीपासून फोन करून छळायची. मी वैतागायचे. आता तो फोन येत नाही, आणि वैतागायलाही कोणी नाही.

दिवस झाले, सुतक फिटलं. सीए हळूच म्हणाले, "प्रायव्हेट कंपनीला दोन संचालक लागतातच. दुसरं कोणी नसेल तर बंद करायचा अर्ज देऊ." मला एकटीला ते झेपणार नव्हतं. खरं सांगायचं तर वयनीशिवाय त्यात मन नव्हतं. बंद करायचं ठरवून मी कौल घ्यायला देवळात गेले. बरोबर वयनीची सून रूपा होती. ती पेडण्यात औषधाच्या दुकानात काम करते, सोलांच्या कामात फारशी कधी आली नव्हती.

"बंद करूं?" मी विचारलं. पाकळी हलेना. उजवी नाही, डावी नाही. भटजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, तरी देवी गप्प.

तेव्हा रूपा माझ्या कानाशी म्हणाली, "काकी, सवाल चुकलो. बंद करूं काय म्हूण मांयन केन्नाच विचारूंक नाशिल्लें. हांव संचालक म्हूण बसूं काय, तें विचारात."

"सरकारला विचारायचं राहिलं की," मी म्हटलं.

"सीएंक सकाळींच फोन केला. चलता म्हणाले."

मग विचारलं. पाकळी पडली, उजवी.

त्याच आठवड्यात सीएंकडे जाऊन वयनीचं नाव कमी करायचा आणि रूपाचं घालायचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' निवडताना मला रडू फुटलं. सीए खिडकीकडे बघत थांबले.

या खेपेला फोटो लागत नाही असं ते म्हणाले होते. पण आमच्याकडची संचालक सोप्यावर बसल्याशिवाय कशी होणार? रूपा केसांत आबोली माळून आली आणि एका टोकाला अंग चोरून बसली. वयनीच्या जागी सिमेंटवर कोकमाचा जांभळा डाग आहे, घासून न जाणारा. मी मोबाईल धरून म्हटलं, "मध्ये सरक गो."

ती हलली नाही. "मांय खंय बसतली?" म्हणाली.

मी तसाच फोटो काढला.